निखळलेला खांदा आणि चाड्यावरची मूठ

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे सांगायला मी लाजत नाही. हैदराबादेत उर्दूतून विज्ञान शिकलो, आणि 'डिसलोकेशन' हा शब्द तिथंच भेटला. भूगर्भ शिकवणारे उस्ताद म्हणायचे, खडकाचे थर एकदा तुटून सरकले की परत जुळत नाहीत. पुढं धातूंवरच्या पुस्तकात वाचलं, अणूंची एखादी ओळ जागा सोडते म्हणून तर लोखंड न मोडता वाकतं. डॉक्टरीत त्याचा अर्थ सांधा निखळणं. हा अर्थ मला पुस्तकात शोधावा लागला नाही.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. कॉलेज बंद पडलं म्हणून मी मुखेडकडच्या आमच्या गावी आलो होतो. हत्यारबंद टोळ्या चालून येणार अशी आवई उठली आणि एका सकाळी सगळं गावच घरं सोडून निघालं. आम्ही औशाकडं आत्याच्या गावाला निघालो. ओढ्यात बैल बुजले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कासरा उजव्या मनगटाला गुंडाळला होता. एका हिसड्यात खांदा निखळला. हाड बसवणारा आमच्या गावात होता, पण तोही त्याच सकाळी कुठं तरी पांगलेला.

"लातूरच्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"रस्त्यानं कोण जाऊ देतंय? गप गाडी हाक."

आत्याच्या घरी नुसतं तेल चोळणं चाललं. रस्ते मोकळे झाल्यावर लातूर गाठलं. डॉक्टरांनी हात उचलून बघितला आणि म्हणाले, "बहोत देर कर दिए पटेल. अब नहीं बैठता."

दादांची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे पेरणीच्या नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, त्यांनी बी सोडलं की रान एकसारखं उगवायचं. लोक पेरणीला त्यांनाच आधी बोलवायचे. गावी परतल्यावर आमची पेरणी आली. दादा कमरेला बांधलेल्या ओटीत बी घेऊन चाड्याशी उभे राहिले. उजवा हात छातीपर्यंत येईना. त्यांनी डाव्या हातानं मूठ भरली.

काका ओरडले, "दादा, डाव्या हातानं बी सोडतेत व्हय? रान वांझ ठेवायचंय का?"

"उजवा मेला की रं."

"मग बसा बांधावर. वहिनी धरतील मूठ."

मला राहवलं नाही. "काका, बी काय हात बघून उगवतंय का?"

"तू तुझी बुकं उगव!"

माणसं हसली. पण दादांनाही काकांचंच पटत होतं. त्यांनी स्वतःच ओटी सोडली आणि आईच्या पदरात रिकामी केली.

आईच्या मुठीवर त्या साली रान चांगलं उगवलं. दादा बघायला गेले नाहीत. पुढं त्यांना पेरणीला कुणी बोलावलंही नाही. मी बी.एस्सी. झाल्याचं सांगायला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते.

"बरं झालं," म्हणाले. "तुला हाताचं काम न्हाई."