साखळीचा फटका

महापालिकेच्या ठेकेदाराकडे क्लीन-अप मार्शलची नोकरी लागली त्याच आठवड्यात एक माणूस माझ्या बुटावर थुंकला. गुटखा थुंकला म्हणून मी त्याला हटकलं होतं. तोंडात उरलेलं त्याने माझ्यावर टाकलं आणि रिक्षात बसून निघून गेला. घरी मी कुणाला सांगितलं नाही. भांडुपला घराजवळच्या नळावर बूट धुतला आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून कामावर गेले.

आमचं काम सोपं होतं. कुणी रस्त्यात थुंकलं, कचरा फेकला किंवा कुणाचा कुत्रा फुटपाथवर घाण करून गेला, की थांबवायचं आणि पावती फाडायची. लोकांच्या लेखी आम्ही वसुलीवाले. काही मार्शल होतेही तसे, खोटं कशाला बोलू? पण माझे जोडीदार तसले नव्हते. पन्नाशीचे होते, मी त्यांना दादा म्हणायची. मूळ लातूरकडचे, बौद्ध. गळ्यात निळ्या दोरीत धम्मचक्राचं लॉकेट असायचं. कितीही शिव्या पडल्या तरी ते ‘साहेब’ म्हणणं सोडत नसत.

त्या सकाळी आम्ही मुलुंडला एका शाळेच्या गेटजवळ उभे होतो. शाळा भरायची वेळ. एक माणूस मोठा कुत्रा घेऊन आला. चाळिशीचा, जिमला जाणारा वाटत होता. पोरं जिथे रिक्षातून उतरतात, बरोबर तिथेच कुत्रा बसला. त्याचं उरकलं तसा माणूस चालू लागला.

दादा पुढे झाले. “साहेब, तेवढं उचला ना. पोरांचे पाय पडतील. कागद हवा तर मी देतो.”

“मग तूच उचल की.”

“उचलत नसाल तर पावती फाडावी लागेल, साहेब.”

त्या माणसाने दादांकडे नीट पाहिलं. त्याची नजर लॉकेटवर थांबली. मग अगदी थंडपणे म्हणाला, “तुम्ही लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच उचलत आलात ना? आज काय झालं?”

दादा पावतीपुस्तक उघडून लिहायला लागले. माणसाने पुस्तक हिसकावून गटारात फेकलं. दादांनी त्याचं मनगट धरलं, नुसतं धरलं. त्याने झटका देऊन हात सोडवला, कुत्र्याच्या गळपट्ट्यातली साखळी काढली आणि मुठीला गुंडाळली.

पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडावर. ओल्या कपड्यावर धोपटणं हाणावं तसा आवाज झाला. दादा गुडघ्यांवर आले तरी तो थांबेना, पाठीत लाथा घालत राहिला. कुत्रा मोकळा होऊन भुंकत गोल फिरत होता. बायका आपापली पोरं छातीशी धरून मागे सरकल्या. मी ओरडले, “अरे सोडवा ना कुणीतरी!” पाच-सहा पुरुष उभे होते. एकही हलला नाही.

मी त्याचा टी-शर्ट मागून खेचला. त्याने कोपर माझ्या छातीत मारलं आणि माझा श्वासच अडकला. त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. पिशवीचे बंद मुठीत धरून मी ती फिरवली. त्याची भुवई फुटली आणि तो फुटपाथवर बसला. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी दोनदा मारलं. बरं वाटलं म्हणून मारलं. थुंकलेला बूट, शिव्या, छातीतली कळ, सगळं त्या पिशवीत भरलं होतं. कुत्रा धावत येऊन मालकाच्या अंगावर आडवा उभा राहिला. तो मला चावला नाही, नुसता कापत होता. मी त्यालाही नाकावर हाणलं. तो माणसासारखा ओरडला.

खालून दादा रक्ताने भरलेल्या तोंडाने म्हणाले, “ताई, बस. मरेल तो.”

आता मात्र गर्दी धावली. दादांसाठी न हललेल्या त्याच पुरुषांनी माझे हात पिरगाळले. एकाने पाठीत गुद्दा घातला. “बाई आहेस की कोण तू?” कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो सुरू होत होता माझ्या पिशवीपासून.

दादांचे दोन दात गेले, डाव्या कानाचा पडदा फाटला. त्या माणसाला कपाळावर टाके पडले. दुपारी सगळे पोलीस ठाण्यात. ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्या कानाशी लागला, “तुम्ही दोघं तक्रार देऊ नका, तोही देणार नाही, विषय संपेल. नाहीतर तू अडकशील, व्हिडिओ आहे.” नवराही आला होता. तो म्हणाला, “पोरींचा विचार कर गं. मिटव ना.”

दादा बाकावर तोंडाला फडकं धरून बसले होते. हवालदाराला म्हणाले, “मारलं ते लिहा. पण त्याआधी तो जे बोलला ते लिहा.”

“ऐकलं कुणी?”

दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना मला गळ घालायची नव्हती. मी पंख्याकडे पाहत राहिले. आमच्या घरात, सावंतवाडीकडच्या आमच्या भावकीत, असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकली होती. जेवताना, हसतहसत. कधी कुणाला अडवलं नव्हतं.

“मी ऐकलं,” मी म्हणाले आणि ते वाक्य शब्दनशब्द सांगितलं.

हवालदाराने मान वर केली. “तुम्ही मारलंत का त्याला?”

“हो. तीनदा. दोनदा तो खाली बसल्यावर. आणि कुत्र्याला एकदा. तेही लिहा.”

नवरा उठून बाहेर गेला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

माझी नोकरी त्याच महिन्यात गेली. दोन्ही केसेस अजून चालू आहेत, एकीत मी साक्षीदार आणि दुसरीत आरोपी. आता मी घाटकोपरला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मागच्या तारखेला दादांची बायको कोर्टात आली होती. तिने माझा हात हातात घेतला आणि पुकारा होईपर्यंत सोडला नाही. समोरच्या बाकावर तो माणूस कपाळावरची खूण चोळत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्याला मारावंसं वाटलं नाही.