पान गुदमरत नाही
मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. बाबा गोरव्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, उरलेली माझ्या वाट्याला यायची. म्हणून असेल, छापलेला शब्द खोटा निघाला की मला तो शिवीसारखा लागतो.

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीने फाटकाजवळचा कडुलिंब तोडून पार्किंग करायचं काढलं. बाबांनी विरोधाचं पत्रक लिहून माझ्यापुढे टाकलं. पहिलीच ओळ: 'हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, पानं गुदमरत आहेत!'

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकते. त्याच लिंबाच्या पानाला खालून नेलपॉलिश लावून, वाळलेला पापुद्रा सोलून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. ओठांसारखी बारीक छिद्रं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पान ती जराशी मिटतं, कारण तेवढ्यातही त्याचं भागतं. पण त्याच छिद्रांतून वाफ बाहेर पडते, म्हणून झाडाखाली गार वाटतं. तोंड मिटलं की वाफ कमी, गारवाही कमी.

"म्हणजे तेवढ्याच गारव्याला आता जास्त पानं लागणार. हे लिहा."

"गुदमरणं लोकांना कळतं. तुझी छिद्रं कोण वाचणार?"

"लोकांना मूर्ख समजायचं आणि त्यांच्यासाठीच लढायचं?"

"फार शिकलीस."

पत्रक तसंच घरोघरी गेलं. मी एकही वाटलं नाही.

सभेत चेअरमननी ते मोठ्याने वाचलं आणि खिडकीतून लिंबाकडे बोट दाखवलं. "पान गूंगळाय छे? तो आ लीलुंछम केम छे?" गुदमरतंय तर इतकं हिरवंगार कसं, म्हणे. हशा पिकला. मग खास आमच्यासाठी मराठीत, "अहो साहेब, कार्बन तर झाडाचं जेवण! आमच्या गाड्या त्याला जेवू घालतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. "पत्रक चुकलंय. पण तुम्हीही चुकताय. पोट भरलेलं पान सावली गार करायला कमी पडतं..."

"बेन, पहेलां घरमां नक्की करो!"

घरात आधी ठरवा म्हणे. या वेळचा हशा मोठा होता. तोडण्याच्या बाजूने हात वर झाले. त्याच आठवड्यात लिंब गेला.

"तू गप्प बसली असतीस तर झाड वाचलं असतं," बाबा म्हणाले.

"तुम्ही खरं लिहिलं असतंत तर."

आता तिथे पत्र्याची शेड आहे. दुपारी चेअरमन गाडीचे चारही दरवाजे उघडून, रुमालाने मान पुसत बाहेर उभे असतात. मी गच्चीवरून बघते आणि मला जराही दया येत नाही.

आता मागच्या भिंतीलगतच्या आसोपालवाच्या झाडांची पाळी आहे. बाबांनी नवं पत्रक छापून आणलंय. पानं पुन्हा गुदमरत आहेत, या वेळी दोन उद्गारचिन्हांसकट.

गठ्ठा दारातच पडलाय. मी तो ओलांडून आत आले आणि माझं वेगळं पत्रक लिहायला बसले. ते चेअरमनच्या विरोधात आहे, आणि बाबांच्याही.