वळणावरची वंदना

एका सत्रासाठी थायलंडला शिकायला जायचं ठरलं, हे आईला सांगितलं तेव्हा ती पासलीच्या आमच्या घरामागे भांडी घासत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "तिकडं भात मिळंल का?"

"भातच खातात तिकडं."

"मग काय काळजी न्हाई," ती म्हणाली आणि राखेचा हात परत तव्यावर फिरवायला लागली. वडलांनी मात्र दोन-तीनदा विचारलं, थायलंड म्हणजे नेमकं कुठल्या बाजूला. मी पूर्वेकडे हात केला, तर ते त्या दिशेच्या डोंगराकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

भोरला मावशीकडे राहून मी बी.ए. केलं होतं आणि पुढे एम.ए.साठी पुण्याला आले होते. तिथल्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेत माझी निवड झाली. आमच्या घरातलं कुणी तोवर विमानतळाच्या दारापर्यंतही गेलेलं नव्हतं.

विद्यापीठ त्या देशाच्या उत्तरेला, डोंगराळ भागात होतं. वसतिगृहात माझ्या खोलीत तिथलीच एक मुलगी राहत होती. अंगाने बारीक, केस मानेपर्यंत कापलेले, बोलणं अगदी कमी. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे मीही कमीच बोलत होते. पहिल्या संध्याकाळी तिने जेवणाचा डबा उघडला आणि खोलीभर खारवलेल्या मासळीचा वास पसरला. बाहेरून आलेल्या मुली या वासाने नाक धरतात हे तिला माहीत असावं. ती डबा घेऊन गॅलरीत निघाली. मी तिला थांबवलं. वेल्ह्याच्या बाजारातून आई सुकट आणायची, तेव्हा आमच्या घराला असाच वास यायचा. मी सरळ हात पुढे केला आणि म्हटलं, "मलाही दे." ती आधी बघत राहिली आणि मग जी हसली, ती थांबेचना.

हळूहळू तिचं सगळं कळलं. तिचे आईवडील राजधानीत कारखान्यात कामाला होते. हिला लहानाची मोठी केली ती आज्जीने, डोंगरातल्या गावात, भाताच्या शेतीवर. रोज सकाळी आज्जीचा फोन यायचा आणि ही अंथरुणातूनच तिच्याशी बोलायची. भाषा मला कळत नव्हती, पण लाडात आलेला आवाज कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

माझा फोन संध्याकाळी यायचा. आमच्या वस्तीत रेंज नाही. वेल्ह्याकडून येणारा रस्ता चढून वळतो, तिथे एका मोठ्या दगडापाशी ती मिळते. आई चुलीवर भात चढवायच्या आधी, मोबाईल पदरात गुंडाळून तिथपर्यंत चढून यायची. फोनमध्ये निम्मा तिचा आवाज आणि निम्मा वारा.

एका पौर्णिमेला माझी मैत्रीण मला पहाटे गावातल्या मठात घेऊन गेली. मी मागे बसले. पुढे भिक्खूंनी म्हणायला सुरुवात केली, माणसं त्यांच्या मागून म्हणू लागली, आणि मी ताठ झाले. ते त्रिशरण होतं. उच्चार वेगळे होते, पण शब्द तेच. आमच्या पासलीच्या विहारात, पत्र्याखाली सतरंजीवर बसून मी लहानपणापासून म्हणत आले ते. माझे ओठ आपोआप हलायला लागले. पंचशील सुरू झालं तसा माझा आवाज मोठा झाला. मैत्रीण मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुला हे कसं येतं?"

"आईने शिकवलं."

"तुझ्या आईला येतं?" तिला हे खरंच वाटेना.

त्याच संध्याकाळी मी फोन तिच्यापुढे धरला. आईने तिकडून खणखणीत "जय भीम" केला. मी समजावल्यावर हिनेही हात जोडून तसाच "जय भीम" म्हटला. मग दोघींनी मिळून त्रिशरण म्हटलं, आई वळणावरच्या दगडावर बसून आणि ही पलंगावर मांडी घालून. ती "बुद्धं"च्या जागी "फुत्थं" म्हणायची आणि "गच्छामि"च्या जागी "खच्छामि". संपल्यावर दोघींनी तीनदा "साधू" म्हटलं, तेही तिचं "साथु".

"लई गोड म्हनती," आई म्हणाली. "जरा बोबडी हाय का गं?"

मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा म्हटलं, "तुझा आवाज आवडला तिला."

तिथून पुढे रोजचंच झालं. आई आधी मला जेवलीस का विचारायची आणि मग, "पोरगीला दे." खरं सांगायचं तर सुरुवातीला मला थोडा मत्सरच वाटायचा. एवढी चढण चढून आलेली आई माझ्याशी चार वाक्यं बोलायची आणि उरलेला वेळ त्या दोघींचा. त्यांच्यात भाषा नव्हती, तरी खिदळणं चालू असायचं. आई तिला कॅमेऱ्यात आमची गाय दाखवायची, खाचरं दाखवायची, लोंब्या हातात धरून दाखवायची. ती ओरडून तिच्या भाषेत काहीतरी म्हणायची आणि आई म्हणायची, "व्हय, व्हय, इंद्रायणी भातच हाय."

सत्र अर्ध्यावर आलं असताना एका सकाळी आज्जीऐवजी तिच्या वडलांचा फोन आला. आज्जी गेली होती. शेतावर जायला निघाली, उंबऱ्यात बसली आणि उठलीच नाही.

मैत्रीण गावी गेली. काही दिवसांनी परत आली ती वेगळीच होऊन. वर्गात जायची, यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. सकाळी फोन यायच्या वेळी तिला जाग यायची आणि ती तशीच छताकडे बघत राहायची. मी कपाट उघडलं तरी मला आवाजाची लाज वाटायची. मठात चल म्हटलं, तर तिने नुसती मान हलवली.

आज्जीचं मी आईला आधीच सांगितलं होतं. मैत्रीण परतली त्या पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, "पोरगी कुठंय?"

"आहे. बोलत नाही कुणाशी. फोनवरही येणार नाही म्हणते."

आई म्हणाली, "तिला बोलाय लावू नगंस. समजूतबी घालू नगंस. फोन नुस्ता तिच्या उशाला ठिव. म्या म्हन्ते हितनं."

मी फोन उशाशी ठेवला. आईने वळणावरून एकटीने सगळी वंदना म्हटली. मधूनच वारा तिचा आवाज ओढून नेत होता, एकदा एसटी हॉर्न देत गेली, कुणीतरी "हितं काय करता, काकू?" असंही विचारलं. आईने उत्तर दिलं नाही, म्हणणं थांबवलं नाही. इकडे भिंतीकडे वळलेली पाठ जराही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्याही. भातकापणीचे दिवस होते. दिवसभर वाकून आईची कंबर धरलेली असायची, तरी ती चढून यायची. मी म्हटलं, "आई, आज राहू दे. ती ऐकते की नाही, तेही कळत नाही."

"ऐकू दे न्हाईतर नको ऐकू दे. तिची आज्जी रोज फोन करायची ना? मग कुणीतरी कराय नको का?"

मी फोन परत उशाशी सरकवला.

असेच बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी मी खोलीतच खिडकीशी वाचत बसले होते. आईचं त्रिशरण चाललं होतं. दुसऱ्या ओळीला मला दुसरा आवाज ऐकू आला, घोगरा, खूप दिवस न वापरलेला. "खच्छामि." आईने ऐकलं असणार, कारण तिचा आवाज क्षणभर अडखळला. पण ती थांबली नाही. फक्त तिला सोबत मिळावी म्हणून हळू म्हणायला लागली. शेवटी मैत्रीण उठून बसली, फोन छातीशी धरला आणि मोठमोठ्याने रडली. तिकडे आईला पडद्यावर नुसता काळोखच दिसत असणार. ती म्हणत राहिली, "रड, बाय, रड. हाय म्या हितंच."

त्या रात्री आम्ही दोघी खाली जाऊन पोटभर जेवलो.

सत्र संपलं, मी परत आले. पुढच्या भातलावणीला मैत्रीण पासलीला आली. वेल्ह्याला एसटीतून उतरली तेव्हा आई साडी खोचलेली, पायाला चिखल, तशीच समोर उभी होती. ती आईपेक्षा उंच निघाली, याचंच दोघींना हसू आलं. फोनवर इतके दिवस खिदळलेल्या बायका समोरासमोर आल्यावर लाजल्या. मी मध्ये भाषांतर करत होते, पण खाचरात उतरल्यावर माझी गरज उरली नाही. आईने रोपांची जुडी फेकली, तिने ती झेलली आणि आईच्या शेजारी मागे मागे सरकत लावायला लागली. हाताला इतकी चपळ, की वडलांनी बांधावरूनच जाहीर केलं, "ही आपल्यातलीच हाय."

पौर्णिमेला बायकांनी विहारात तिलाच पुढे बसवलं. तिने सुरुवात केली तशी चुलती कुजबुजली, "चुकलं की!"

"चुकलं न्हाई," आई म्हणाली. "तिच्या गावाला असंच म्हनत्यात. म्हना तिच्या मागनं."

पावसाने पत्रा वाजत होता. पाच-सहा बायकांनी आपापल्या उच्चारात तिच्यामागून म्हटलं. संपल्यावर गेलेल्या माणसांची नावं घ्यायची आमच्याकडे रीत आहे. आईने माझ्या आजोबांचं नाव घेतलं, आज्जीचं घेतलं आणि मग तिच्याकडे वळून मला म्हणाली, "इचार तिला, आज्जीचं नाव काय हुतं."

तिने सांगितलं. लांब, आमच्या जिभेला न वळणारं नाव. आईने म्हणून बघितलं, चुकलं. परत म्हटलं, परत चुकलं. तिने हळूहळू तोडून सांगितलं. आई डोळे मिटून ते पुटपुटत राहिली आणि जमल्यावर तिने ते मोठ्याने घेतलं. तेव्हा मैत्रिणीने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आई तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

आता मैत्रीण तिच्या गावाजवळच्या शाळेत शिकवते. मी भोरला नोकरी करते आणि शनिवारी घरी जाते. त्या दोघींचं फोनवर काय चालतं, ते मी आता विचारत नाही. गेल्या महिन्यात आईने मला पासपोर्टला काय काय कागद लागतात ते विचारलं. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "त्यांच्याकडं कापणी हाय. पोरगी एकटी पडंल."