समोरच्या दुकानातली डाळ

"लोक आत येतात का?" मेनन साहेबांनी विचारलं.

"येतात, सर," मी म्हणाले.

"मग?"

"पंख्याखाली उभे राहतात. घाम वाळला की समोरच्या दुकानात जाऊन डाळ घेतात."

मेनन साहेब मद्रासच्या हेड ऑफिसचे इन्स्पेक्टर. ते खिडकीशी गेले आणि समोर बघत राहिले. समोर चेट्टियारांचं किराण्याचं दुकान होतं. अंधारं, पंखा नाही, पोत्यांमधून वाट काढत आत जायचं. तिथे बायकांची गर्दी होती. त्यातल्या दोघी दहा मिनिटांपूर्वी आमच्याकडे उभ्या होत्या.

"दिवाळीपर्यंत बघू," साहेब म्हणाले. "मग शटर खाली."

आमची ही कंपनी म्हणजे एकाच नावाच्या दुकानांची साखळी. मद्रासला तिची बरीच दुकानं चालत होती. कुंभकोणमला हे पहिलंच. नवीन पद्धत होती, सेल्फ-सर्व्हिस. म्हणजे दुकानदाराने वजन करून द्यायचं नाही. डाळ, तांदूळ, रवा, साखर मद्रासच्या पॅकिंग डिपार्टमेंटमध्ये कागदी पुड्यांत भरून, चिकटवून येई. रत्तलाचा पुडा, दोन रत्तलांचा पुडा. ते शेल्फवर मांडायचे. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, हवा तो पुडा उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे. पन्नासच्या दशकात हे म्हणजे विमानासारखं होतं. बघायला सगळे येत, बसायला कुणी नाही.

मी तिथे सेल्सवुमन. बायका गिऱ्हाइकांशी बोलायला बाई हवी म्हणून कंपनीने मला घेतलं होतं. नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर घरात मी आणि सासूबाई. कंपनी म्हणाली असती की मद्रासला चल, तर सासूबाई कावेरी सोडून हलल्या नसत्या आणि मी त्यांना सोडून हलले नसते. त्यामुळे शटर खाली म्हणजे माझी चूल बंद. मॅनेजर नटराजन सरांचं तसं नव्हतं. त्यांची फक्त बदली झाली असती, पण बंद पाडलेलं दुकान नावावर घेऊन.

सरांनी जे सुचेल ते केलं. आधी भाव उतरवला. चेट्टियारांपेक्षा स्वस्त. काही फरक नाही. मग बायकांना विचारून यायला मला सांगितलं.

अलमेलू मामी रोज देवळातून परतताना पंख्याखाली थांबत. त्यांना विचारलं.

"मामी, आमची डाळ घेऊन बघा की."

"घेऊ, अक्का. पण डाळ दिसत नाही ना आत."

सरांनी काचेच्या बरण्यांत डाळीचा नमुना मांडला. मामींनी बरणीतली डाळ निरखली, दोन दाणे चावून बघितले.

"चांगली आहे," म्हणाल्या, आणि समोर गेल्या.

दुसऱ्या बाई म्हणाल्या, उजेड कमी आहे. दिवे वाढवले. तिसऱ्या म्हणाल्या, आमचे हे चेट्टियारांच्या ओळखीचे. त्यावर उपाय नव्हता. सरांनी पुड्यावर पितळी चमचा फुकट ठेवला. पितळी भांडी घडवणाऱ्या कुंभकोणमला पितळेचा चमचा फुकट देणं म्हणजे समुद्रावर मीठ वाटणं. एक बाई म्हणाली, "चमचा वेगळा देता का?"

चेट्टियारही मला रस्त्यात भेटले की सोडत नसत. "अम्मा, तुमचा पंखा फार चांगला. माझी गिऱ्हाइकं ताजीतवानी होऊन येतात."

बरं, काहीच खपत नव्हतं असं नाही. साबण जाई. काड्यापेट्या जात. केसांचं तेल जाई. आणि कॉफी तर कमी पडे. दुकानात कॉफी दळायचं यंत्र होतं. बायका घरून डबा आणत, डोळ्यांदेखत भाजलेलं बी दळून घेत आणि डबा भरून नेत. नटराजन सर म्हणाले, "या गावात लोक आंघोळ करतात आणि कॉफी पितात. जेवत नाहीत."

जाता जाता मेनन साहेबांनी आणखी एक हुकूम सोडला. निदान स्टाफने तरी स्वतःच्या दुकानातून माल घ्यावा. आमच्या घरचं वाणसामान तोवर सासूबाई स्वतः आणत. त्या दिवशी मी तूरडाळीचा पुडा घेऊन घरी गेले.

सासूबाई ओसरीवर पानाच्या शिरा काढत बसल्या होत्या. त्यांनी पुडा उलटा केला, बूड बघितलं आणि दाराबाहेर ठेवला.

"हे आत आणू नको."

"का, अत्या? डाळ आहे." सासूबाईंना मी अत्या म्हणत असे.

"खळ लावली आहे."

"मग?"

"खळ कशाची करतात? मैदा शिजवूनच ना? शिजवलं ते खरकटं. साठवणीच्या फडताळात खरकटं ठेवायचं? लोणच्याच्या बरणीशेजारी?"

"बाहेरून लावली आहे, अत्या. डाळ आत आहे."

"तुला न्हाऊन आल्यावर बाहेरून खरकटं लागलं, तर तू आत न्हालेलीच राहतेस होय गे?"

मी पुड्यापाशी पायरीवर बसले.

महाराष्ट्रात खरकटं म्हणजे बहुधा जेवणानंतरचं ताट. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत, आणि तिथल्या तमिळ ब्राह्मण घरांतही, शिजवलेल्या धान्याचा हात कोरड्या साठवणीला लागू देत नाहीत. तमिळमध्ये त्याला पत्तु म्हणतात. भाताचा हात लागला तर आधी हात धुवायचा, मग तांदळाच्या डब्याला शिवायचं. कोरड्या डाळीचं पोतं बाजारात कुणी वाहिलं हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उपाशी राहावं लागेल. पण शिजवलेला मैदा तो शिजवलेला मैदा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. दुकानात मात्र डाळीला आम्ही स्टॉक म्हणत होतो, आणि स्टॉकला खरकटं लागतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

मग सगळं जुळलं. साबण न्हाणीघरात जातो, काड्यापेटी चुलीशी, तेलाला बाटली. कॉफी घरच्या डब्यात. चेट्टियार जुन्या वर्तमानपत्रात डाळ बांधत आणि वरून केळीच्या खोडाच्या सोपटाचा धागा. खळीचं नाव नाही.

सकाळी मी सरांना विचारलं, "सर, तुमच्या घरी डाळ कुठून येते?"

"आपल्याच दुकानातून. मी स्वतः नेतो."

"आणि बाई तीच शिजवतात?"

"ती म्हणते, आपली डाळ शिजायला वेळ घेते."

"मग?"

"मग ती कामवालीला देते आणि समोरून आणवते."

मी त्यांना खळीचं सांगितलं. त्यांनी पुडा उलटा करून बूड बघितलं.

"पण मग एकीनेही हे तोंडावर का सांगितलं नाही?"

"सर, तुमच्या दारात पंख्याचा वारा खाऊन तुमचाच माल खरकटा म्हणायचं? त्या चांगल्या घरच्या बायका आहेत."

"माझी बायको तर माझ्याच घरात असते."

मी पुडा शेल्फवर परत ठेवला.

सर म्हणाले, डिंकाने चिकटवायला सांगू. पण डिंक आणि खळ वाळल्यावर सारखीच दिसतात. पुड्यावर 'डिंक' असं छापलं तरी मामींनी छापलेल्यावर विश्वास का ठेवावा? बांधलेलं डोळ्यांना दिसायला हवं होतं.

सरांनी मेनन साहेबांना ट्रंक कॉल लावला. तेव्हा दुसऱ्या गावी फोन लावायचा तर एक्स्चेंजला सांगून वाट बघावी लागे आणि लागल्यावर ओरडावं लागे. त्यामुळे आमची मसलत अर्ध्या बाजारपेठेने ऐकली.

"मैदा?" पलीकडून साहेब ओरडले. "नटराजन, मी डायरेक्टरांना असं लिहू की आपला शत्रू मैदा आहे?"

मी सरांच्या हातून रिसीव्हर घेतला. "सर, काही लिहू नका. दिवाळीपर्यंत आम्हाला थोडा माल धाग्याने बांधून विकू द्या. तीच डाळ, तोच भाव, शेजारी शेजारी. तुम्ही येऊन बघा."

"स्टाफचा वेळ जाईल, मिसेस राव."

"स्टाफ मोकळाच आहे, सर."

परवानगी मिळाली. मद्रासहून सुटी डाळ पोत्यांत आली. देवळापाशी फुलं विकणाऱ्या बाईकडून सोपटाचा धागा आणला. तो पाण्यात भिजवून मऊ करतात, नाहीतर तुटतो. आम्ही ओल्या धाग्यानेच पुडे बांधले. कागद भिजून फाटला आणि पहिल्या दिवशीची डाळ सगळी जमिनीवर. फुलवालीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "धागा पिळून घ्यायचा, अक्का. फुलांना पाणी चालतं, कागदाला चालत नाही." पुढचे पुडे नीट झाले. कॅशियर, सर आणि मी, तिघं मिळून बांधत होतो. सरांची गाठ सगळ्यांत वाईट. ते पुडे मागच्या रांगेत ठेवले.

अलमेलू मामी आल्या. पंख्याखाली उभ्या राहिल्या. शेल्फकडे बघितलं. बांधलेला पुडा उचलला, उलटा केला, बूड बघितलं. घडी घातलेली होती, चिकटवलेलं काही नव्हतं. त्यांनी दोन पुडे टोपलीत टाकले आणि मागे वळून शेजारणीला हाक मारली.

मेनन साहेब दिवाळीच्या आधी आले तेव्हा चिकटवलेले पुडे होते तिथेच होते. बांधलेल्यांची रांग दुपारपर्यंत रिकामी झाली होती. साहेबांना आकड्यांवर भागत नसे, गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायचं असे. त्यांनी अलमेलू मामींनाच गाठलं.

"अम्मा, तुम्ही हाच पुडा का घेतलात?"

"दिसायला बरा आहे."

साहेबांनी लिहून घेतलं. "आणि तो का नाही?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटर पुसत होते.

"त्याचा कागद जाड आहे," मामी म्हणाल्या.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

दुकान चालू राहिलं. दिवाळीनंतर हेड ऑफिसचं सर्क्युलर सगळ्या शाखांना आलं. ग्राहकांना आकर्षक, पारंपरिक बांधणी आवडते, तेव्हा यापुढे पुडे धाग्याने बांधावेत आणि कागद पातळ वापरावा. पातळ कागदाचे पुडे वाटेत फुटू लागले, तेव्हा पुन्हा जाड कागदाचं सर्क्युलर आलं. मैद्याचा उल्लेख दोन्हींत नव्हता. नटराजन सरांना कल्पक बांधणीबद्दल शाबासकी मिळाली. त्यांनी ती घरी वाचून दाखवली की नाही, मी विचारलं नाही.

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. नव्या मुली येतात तेव्हा त्यांना एवढंच सांगते की गिऱ्हाईक जे कारण देतं ते मान डोलावून ऐकावं, पण त्यावर कंपनीचा पैसा खर्च करू नये. गिऱ्हाईक बाहेर पडताना त्याच्या पिशवीत काय आहे ते बघावं.