नावेचं दार

पैनगंगेवर पूल झाला आणि माणसं पार नेणाऱ्या उताराच्या नावा एकदम निकामी झाल्या. त्या हिवाळ्यात आमच्या घरात नणंदेसाठी नवरदेव पाहणं चालू होतं आणि त्याच्याच जोडीला जुनी नाव पाहणंही. मासे धरायला नाही की माल वाहायला नाही. माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला त्या नावेत राहायला घालायचं होतं.

घरात सगळे तिला आत्या म्हणत. नवरा वारल्यावर ती पोरवयातच माहेरी परत आली आणि तेव्हापासून या घरातलं दळण, सारवण, शेणगोठा आणि सगळ्यांची बाळंतपणं तिनेच काढली. मी लग्न होऊन त्या गावी आले तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. चुलीवरचा तवा ती फडक्याशिवाय उचलायची. सासूबाई आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवायच्या. पुढे तिच्या कानांमागे चट्टे उठले, आणि वैद्याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच रक्तपितीचं नाव घेतलं. मग मात्र कौतुक संपलं आणि तिचं ताट वेगळं झालं.

ताट वेगळं झालं तरी बाई घरातच होती, आणि तीच सगळ्यांची अडचण होती. नणंदेला मंगरूळपीरकडचं तालेवार स्थळ आलं होतं. पाहुण्यांच्या नजरेला आत्या पडली असती तर सोयरीक तिथल्या तिथे मोडली असती. तिला शेतातल्या गुरांच्या कोठ्यात ठेवावं, तर मजूर म्हणाले की आम्ही त्या वावरात पाय ठेवणार नाही. गावाबाहेर झोपडी घालून द्यावी, तर कुणालाच ती आपल्या बांधाजवळ नको होती. शेवटी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैठकीत तोड काढली.

"पान्यावर कोनाचा बांध हाय?" ते म्हणाले. "अल्याड आपुन, पल्याड निजामाची मोगलाई. मंधात कोनीच नाई. आपल्या वावराखालच्या डोहात नाव बांधू. बाई राहीन मजेत. लगन झालं का आनू परत."

बैठकीतल्या साऱ्या माना डोलल्या. काय डोकं आहे म्हणून मामाजींची तारीफही झाली. आयुष्यभर जिच्या हातचं खाल्लं तिला पाण्यावर सोडायचं ठरत होतं, आणि एकाही मेल्याला घास अडकल्यासारखं झालं नाही. त्या माना आठवल्या की मला अजून संताप येतो.

आत्याला सांगायचं काम सासूबाईंनी केलं, तेही तिच्याकडे पाठ करून. आत्या अंगणात गोवऱ्या थापत होती. मला वाटलं आता रडेल. तिने हातातली गोवरी नीट थापली आणि विचारलं, "नावेले दार असते का वं?"

"दार कायले पायजे तुले?" सासूबाई म्हणाल्या. "तुयाकडं येऊन कोन राह्यलं?"

दोन-चार दिवसांनी आम्ही नावा पाहायला निघालो. मामाजींनी सोबत बैलबाजारातला आपला दलाल घेतला होता. केनवडच्या बाजारात या दलालाने दात पाहिल्याशिवाय मामाजींनी कधी बैल घेतला नव्हता, आणि नाव घ्यायची तर तीही त्यानेच पाहावी असं त्यांना वाटलं. नावेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण मामाजींचा विश्वास मोठा, आणि दलाल काही नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. आत मावते का ते पाहायला आत्यालाही गाडीत घेतलं, आणि बाईमाणसासोबत बाईमाणूस हवं म्हणून मला. सासूबाई तिच्यासोबत एका गाडीत बसायला तयार नव्हत्या, आणि घरातली सर्वांत नवी सून ही सर्वांत स्वस्त असते.

पुढे मामाजी आणि दलाल, मधे मी, आणि मागे पाय खाली सोडून, रस्त्याकडे तोंड करून आत्या. एकमेकींना शिवायचं नाही असं मला बजावलं होतं, आणि तिलाही. गाडीच्या खडखडाटात पुढच्यांना ऐकू जाणार नाही असं पाहून मी तिला विचारलं, की दाराचं एवढं काय?

ती म्हणाली, "आतून कडी लावाची खोली मले कधीच भेटली नाई. सासरी गेली तवा पोरगी होती, सासूजवय झोपे. इथं आली त जात्यापाशी. जो उठला तो मले ओलांडून जाये, अन् जाता जाता काम सांगे. पानी दे, पोरगं रडून राह्यलं, गाय सुटली. येकडाव मले कडी लावून झोपाचं हाय. कोनी किती हाका मारल्या त उठाचं नाई."

एवढं बोलून ती हसली. महारोगाची बाई घरातून काढली जात होती, आणि एखाद्या नवरीसारखी खोलीची स्वप्नं पाहत होती. मला तिचा राग आला. भांडायचं सोडून ही दार मागत होती.

जुन्या उतारावर नावा काठावर ओढून ठेवल्या होत्या. नावाडी म्हातारा होता. पुलाने त्याचं पोट मारलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक पाहून तो धावतच आला. मग त्याची नजर आत्याच्या बोटांवर गेली आणि तो थबकला.

"मालक, त्या बाईनं नावेले हात नोका लावू म्हना," तो म्हणाला. "तुमी नाई घेतली त मंग दुसरा कोन घेईन?"

"नाई लावत ती," मामाजी म्हणाले. आत्याने दोन्ही हात पदराखाली घेतले.

पहिला दाखवला तो डोंगा, एकाच खोडातून कोरलेला. दलालाने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी थाप मारली आणि पाठ आखूड असल्याचं सांगितलं. वर नावाड्याला विचारलं, हिला काही खोड तर नाही ना, मारकी तर नाही ना. नावाडी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला.

"याच्यात मी आडवी झाली त पाय भायेर," आत्या म्हणाली.

"मुडपून झोपजो," मामाजी म्हणाले. "जात्यापाशी का पलंग होता तुले?" यावर दलाल मनापासून हसला.

दुसरी नाव रुंद आणि चपटी, गाडी-बैल पार नेण्याची. तिच्यात अजून शेणाचा वास होता. त्या वासाने दलालाला घरी आल्यासारखं वाटलं असावं. त्याने ही नाव एकदम पसंत केली. चार बैल सहज उभे राहतात, मग एक बाई काय जड आहे, असं त्याचं म्हणणं. मामाजींनाही पटलं. वर ताट्यांचं छप्पर केलं की झालं. "कोठ्यावानीच हाय," ते बहिणीला म्हणाले, "तुले घरच्यासारखं वाटन."

आत्या हात पदराआड ठेवूनच नावेत चढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, फळ्या टाचेने दाबून पाहिल्या. एका जागी टाच आत गेली आणि लाकडाचा पिवळा भुगा वर आला. "भाऊ, हे त किड्यानं खाल्लेली हाय," ती म्हणाली. मामाजी म्हणाले, "खाल्लेली कोन नाई इथं?" आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. दलाल पुन्हा हसला. नावाडीही हसला, गिऱ्हाईक हसलं म्हणून.

तिसरी नाव जरा वर, करंजाच्या झाडाखाली होती. दौऱ्यावरचे साहेब लोक पार करताना बसत ती ही. मागच्या अर्ध्या भागावर सागाची छोटी खोली, तिला एक खिडकी, आणि दार. दाराला आतून पितळी कडी. मामाजींनी ही नाव लांबूनच नापसंत केली. साहेबाची चीज महाग असणार हे उघड होतं. ते पुन्हा दुसऱ्या नावेकडे वळले आणि दलालाने खांद्यावरचा दुपट्टा काढला.

बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दुपट्ट्याखाली हात धरून बोटं दाबायची, त्यातच भाव. दलालाने नावाड्याचा हात दुपट्ट्याखाली ओढला आणि बोटं दाबायला लागला. नावाड्याला ही भाषा येत नव्हती. "माया हात कायले दाबून राह्यले तुमी?" तो ओरडला. मामाजी दोघांच्या मधे पडले, आणि त्या गोंधळात आत्या कुठे गेली ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

ती साहेबाच्या नावेत चढली होती. पदराखालचे दोन्ही हात तिने बाहेर काढले. आधी नावेच्या काठावर फिरवले, मग खिडकीच्या चौकटीवर, मग दारावर, वरपासून खालपर्यंत, सावकाश, सारवण घालावं तसे. मग माझ्याकडे पाहून आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

नावाड्याने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून खालीच बसला. मामाजी धावत आले. "बाई, भायेर ये," असं ते आधी हळू म्हणाले, मग मोठ्याने, मग शिव्या देत. दाराला हात लावायची त्यांची छाती नव्हती. काठीने दार ठोकलं. दलालाने आपल्या परीने बैलाला घालतात तशी हाळी घालून पाहिली. कडी निघाली नाही. ती किती वेळ आत राहिली ते मला सांगता येणार नाही, पण गाडीचे बैल रवंथ करून पेंगायला लागले. आणि मी, जिच्या तोंडाला त्या घरात कुलूप होतं, करंजाखाली तोंडात पदर कोंबून हसत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे झोपेतून उठल्यासारखे होते. "चांगली हाय," ती भावाला म्हणाली. "हेच घ्या."

घ्यावीच लागली. तिचे हात लागलेली नाव आता कुणी फुकटही नेली नसती, आणि हे नावाड्यालाही माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला दुपट्ट्याखाली त्याला सगळी भाषा समजली. रडतच त्याने दलाल म्हणेल तो भाव कबूल केला. घाटा त्याचा झाला, आणि त्याने आमच्या गाडीमागे बराच वेळ शिव्या दिल्या. मामाजींना खरं म्हणजे साहेबाची नाव मातीमोल मिळाली होती. पण बहिणीने चार माणसांत आपल्याला हाका मारायला लावलं, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

नाव आमच्या डोहात आणून बांधली त्या दिवशी आत्या आपलं गाठोडं घेऊन काठावर उभी होती. मामाजींनी सुतार आणला होता. त्याने बिजागऱ्या उचकटल्या, दार काढून गाडीत आडवं घातलं.

"दार काहून नेता, भाऊ?" तिने विचारलं.

"आत कडी लावून मेली त आमाले समजन कसं?" मामाजी म्हणाले. "तुयाच भल्याचं हाय."

गाडी वळेपर्यंत ती दाराकडे पाहत राहिली आणि मग गाठोडं घेऊन नावेत चढली. चौकटीला तिने पोतं टांगलं.

घरी ते दार गोमूत्राने धुतलं, कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं, आणि कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठ्याला बसवलं. शेळ्या कुटार खाऊन जात होत्या, म्हणून कडी बाहेरच्या बाजूला ठोकली. तिच्या हातचं ताट उकिरड्यावर फेकणाऱ्यांना सागवानाचा मात्र विटाळ झाला नाही. मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं आणि त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

नावेवर भाकरी पोचवायला एक गडी ठेवला होता. तो काठावरूनच टोपलं दोरीने सोडायचा. पौषात नदीवरून बोचरा वारा सुटला. तिच्यासाठी गोधडी नेऊ द्या म्हणून मी मागे लागले, तर सासूबाई म्हणाल्या की नेलेली गोधडी पुन्हा घरात येणार आहे का? एकदा टोपलं भरलेलंच वर आलं. गड्याला वाटलं बाई रुसली. दुसऱ्या दिवशीही ते भरलेलंच आलं, तेव्हा त्याने हाका मारल्या आणि उत्तर येईना म्हणून घरी येऊन सांगितलं. दार नव्हतं, नुसतं पोतं होतं, तरी ती मेल्याचं आम्हाला एवढ्या उशिरा समजलं.

नणंदेच्या लग्नाची तिथी जवळ आली होती. सुतकाचा प्रश्न निघाला, तेव्हा मामाजींनी बैठकीत पुन्हा तोड काढली. बहीण सासरच्या कुळाची, आमच्या कुळाची नव्हेच. माहेरच्यांनी आंघोळ केली की पुरे. माना पुन्हा डोलल्या. तिला खांदा द्यायला कुणी आलं नाही, म्हणून नाव काठावर ओढून तिच्यासकट पेटवून दिली. लाकूडफाटा वाचला, असं दलाल म्हणाला. लग्न थाटात झालं, आणि मंगरूळपीरच्या पाहुण्यांनी जेवणाची फार तारीफ केली.

तिच्या नावेचं एवढं दारच काय ते उरलं. आता मामाजी नाहीत, सासूबाई नाहीत, माझा नवराही नाही. घर माझ्या सुनेच्या हातात आहे आणि मी तिच्या वाटेत येते. गेल्या उन्हाळ्यात मी कोठ्यातलं कुटार बाहेर काढायला लावलं आणि सुताराकडून ती पितळी कडी पुन्हा आतल्या बाजूला बसवून घेतली. माझी वळकटी आता तिथेच असते. जेवण झालं की मी आत जाते, कडी लावते आणि आडवी होते. सून हाका मारते, नातवंडं मारतात, कधी लेक येऊन दार ठोकतो. मी जागी असते, पण उठत नाही.