धून संपल्यावर

शिरीषच्या बायकोने काल माझ्यासमोर त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकण्यापूर्वी सुरू करून पाहिला. कंपवातामुळे शिरीषला आता चमचाही धरवत नाही. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला कर्वेनगरमधल्या सोसायटीचं स्नेहसंमेलन आठवलं. आमचा बँड जुन्या धाटणीचं सर्फ रॉक वाजवायचा, नुसतं वाद्यांवर.

"अहो, गायक कधी येणार?" लांबलचक भाषण आवरून अध्यक्षांनी विचारलं.

"येणार नाही. म्हणून तर बरं वाजतं," शिरीष म्हणाला.

त्या संगीतात एकच तार भराभर छेडतात. शिरीषचा हात थरथरत होता, लोक खूश होते. धून संपली, त्याने गिटार खाली ठेवली, तरी मांडीवरचा हात थरथरतच राहिला.

"पुरे की आता, किती भाव खाशील!" आमचा ड्रमवाला ओरडला.

सगळ्यांत मोठ्याने शिरीषच हसला आणि त्याने तो हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.