गरम इंजिनाची साक्ष

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आधी चेहरे आठवत नाहीत. चालू न होणाऱ्या मोटारीच्या स्टार्टरचा आवाज आठवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळूरच्या पश्चिम भागातल्या एका वाहतूक ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे घरात मराठी आणि ठाण्यात कन्नड. ठाण्यातलं बोलणं इथे मराठीत देतो.

डिसेंबरची सकाळ होती, सहाचा सुमार, आणि धुकं होतं. राजाजीनगरच्या एका आतल्या रस्त्यावर दूधकेंद्रावर कामाला निघालेल्या सायकलस्वाराला मोटारीनं मागून उडवलं आणि मोटार निघून गेली. तिसऱ्या दिवशी तो माणूस इस्पितळात वारला. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक गृहस्थ म्हणाले, "शेजारच्या बंगल्यात पांढरी गाडी झाकून ठेवली आहे. रोज धुतली जाणारी गाडी तीन दिवस झाकलेली का, ते बघा."

आम्ही गेलो. ताडपत्री काढायच्या आधीच बंगल्याचा ड्रायव्हर हात जोडून पुढे आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेला माणूस.

"सार, मीच चालवत होतो. तुमकूरहून परत येताना झालं. घाबरून पळालो."

मालक व्हरांड्यात उभे होते. ते म्हणाले, "बारा वर्षं आहे हो आमच्याकडे. चांगला माणूस आहे. जरा सांभाळून घ्या."

समोरचा दिवा फुटलेला होता, बंपरवर सायकलचा रंग होता आणि कबुली आयती मिळाली होती. गुन्हा जामिनाचा, त्यामुळे ड्रायव्हर संध्याकाळी सुटला. त्या महिन्यात माझ्या टेबलावर अपघाताच्या एकोणीस फायली होत्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

प्रत्येक प्रकरणात काय काय व्हायला हवं याची यादी करून एकेका कामावर खूण करत जायची, ही माझी सवय. पंचनामा, नकाशा, शवविच्छेदनाचा अहवाल, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी. या प्रकरणात दोनच कामं राहिली होती. ती तपासणी, आणि अपघाताच्या जागेसमोरच्या घरातल्या बाईंचा जबाब.

बाई सत्तरीच्या, आमच्यातल्याच. मराठी ऐकल्यावर त्यांनी मला बसायला पाट दिला आणि कानडी वळणानं 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागल्या.

"अरे तम्मा, मी रांगोळी घालायला बाहेर आले होते. धाडकन आवाज झाला. पुढे जाऊन गाडी बंद पडली. मग आत बसून तो खर्र, खर्र करत राहिला. दहा-बारा वेळा तरी. स्वल्प थांबायचा, की पुन्हा खर्र. पेट्रोलचा वास माझ्या दारापर्यंत."

"उतरला नाही कोणी?"

"छे! मी तांब्या घेऊन धावले. तो पडलेला बापडा पाणी पीत होता तेव्हा कुठे गाडी चालू झाली, आणि गेली."

"आत कोण होतं, दिसलं?"

"काचा सगळ्या दवानं भरलेल्या. पाठीमागून काय दिसणार? दिसलं असतं तर सांगितलं नसतं का, तम्मा?"

मी ते लिहून घेतलं. ड्रायव्हरच्या जबाबात गाडी बंद पडल्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारलं. तो गडबडला. मग म्हणाला, "हो सार, बंद पडली होती. सांगायचं राहिलं." माणसं घाबरली की विसरतात. मी तेही लिहून घेतलं.

त्याच वेळी मोटार वाहन निरीक्षक आले. ब्रेक तपासायचे होते. आमच्या हवालदारानं गाडी दोन-तीन रस्ते फिरवून आणली. ठाण्याच्या आवारात उभी केली, तर इंजिन गचके खात राहिलं आणि बंद पडलं. हवालदार चावी फिरवू लागला. खर्र, खर्र. पायानं अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल सारखं दाबत-सोडत होता. पेट्रोलचा वास आतपर्यंत आला.

ड्रायव्हर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. दोन वेळा त्यानं मान वर केली. तिसऱ्या वेळी उठला, आणि कोणाला न विचारता आवारात गेला.

"ओ हवालदार, पाय आपटू नका! किती पेट्रोल पाजाल तिला? सरका."

"तू आरोपी आहेस की मेस्त्री?" हवालदार हसला. पण सरकला.

ड्रायव्हर आत बसला. पॅडल तळापर्यंत दाबलं आणि दाबूनच धरलं. मग चावी फिरवली. स्टार्टर दोन क्षण फिरला आणि इंजिन लागलं. त्यानं पाय सावकाश उचलला, आणि गाडी बंद पडू नये म्हणून किंचित दाबून ठेवला.

निरीक्षकांनी बॉनेट उघडून सांगितलं, "कार्ब्युरेटरमधली सुई झिजली आहे. पेट्रोल थांबतच नाही, जास्त जातं. म्हणून उभी असताना गचके, आणि गरम असताना चालू व्हायला त्रास. पॅडल दाबून धरलं की हवा जाते आणि लागते. सुई बदलली की काम झालं. अर्ध्या तासाचं काम."

"किती दिवसांपासून असेल?"

उत्तर ड्रायव्हरनंच दिलं. "सहा महिने, सार. साहेबांना चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, तुला जमतंय ना, मग चालू दे."

म्हणाला, आणि त्याचा त्यालाच अर्थ कळला असावा. इंजिन चालूच होतं.

मी त्याला आत नेलं, चहा मागवला, दार लावलं.

"त्या सकाळी जो आत बसला होता त्याला ही युक्ती माहीत नव्हती. तो तू नव्हतास. तो पाय आपटत होता."

चहावर साय धरली.

"सार, मी बंगल्याच्या मागच्या खोलीत राहतो. मुलगी दहावीला आहे. मार्चमध्ये परीक्षा. मार्चपर्यंत लिहू नका."

"आणि लायसन गेलं तर पुढे काय चालवशील?"

"साहेब बघतो म्हणालेत."

"खरं बोललास तर खोली जाईल, असं सांगितलं त्यांनी?"

"सांगावं लागतं का, सार?"

मी मार्चपर्यंत थांबलो नाही. एवढ्यावर न्यायालयात काही टिकणार नव्हतं, म्हणून तुमकूरला गेलो. ड्रायव्हरनं सांगितल्याप्रमाणे मालक अपघाताच्या आदल्या रात्री ज्यांच्याकडे मुक्कामाला होते, त्यांना कोणी काही पढवून ठेवलं नव्हतं. ते सहज म्हणाले, "एकटेच आले होते. ड्रायव्हरला रजा दिली म्हणाले. पहाटे निघाले." ड्रायव्हरचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. आरोपी बदलला.

आठवडाभरात खोली रिकामी झाली. तो बायको-मुलीला घेऊन मेव्हण्याकडे जे. पी. नगरला गेला. शाळा इकडे, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगी दोन बस बदलून परीक्षेला यायची, असं हवालदारानं सांगितलं. निकालाचं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

खटला चालायला काही वर्षं गेली. तोपर्यंत माझी बदली झाली होती, साक्षीपुरता आलो होतो. ड्रायव्हर कोर्टाच्या जिन्याजवळ उभा होता, अंगात रिक्षावाल्याचा खाकी शर्ट. साक्ष त्यानं नीट दिली होती. मी जवळ गेलो.

तोच म्हणाला, "त्या दिवशी बाकावर गप्प बसलो असतो तर खोली राहिली असती."

"मग उठलास का?"

"ऐकवेना, सार. इंजिनाचे हाल होत होते."

मालकांना शिक्षा झाली, ती फार मोठी नव्हती.

आयती कबुली आली की ती घेऊ नये, आधी माणसाला त्याच्या कामावर बसवून बघावं, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे हाताखालच्यांनाही तेच शिकवलं. पण थकून घरी बसलो की मला शिकवण आठवत नाही. एक माणूस रस्त्यावर पडलेला असताना दहा-बारा वेळा स्टार्टर ऐकत आत बसून राहिला होता. दुसऱ्याला तोच आवाज तीन वेळाही ऐकवला नाही. घर गेलं ते या दुसऱ्याचं.